वाईट रात्रीचा रकाना

१९७४ च्या ऑक्टोबरात हेवीवेट बॉक्सिंगचा हिशेब अगदी शाळकरी होता. जो फ्रेझरनं १९७१ साली मुहम्मद अलीला हरवलं होतं. केन नॉर्टननं १९७३ साली अलीला हरवलं आणि वर त्याचा जबडाही मोडला. आणि जॉर्ज फोरमननं या दोघांचा, फ्रेझरचा किंग्स्टनला नि नॉर्टनचा कॅराकसला, दुसऱ्याच फेरीत निकाल लावला होता. फ्रेझर तर त्या दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली गेला. आता फोरमन विरुद्ध अली, झाईरची राजधानी किन्शासा. अ ला ब नं हरवलं, ब ला क नं चिरडलं, तर क आणि अ यांच्यात कोण जिंकेल? चौथीतलं पोरगंही बोट वर करेल.

फोरमन पंचविशीचा, ४० लढती, एकही हार नाही, त्यातल्या ३७ निकाली, म्हणजे समोरचा आडवा पडून किंवा खेळ थांबून संपलेल्या. अली बत्तिशीचा, पायांतली जुनी चपळाई ओसरलेली. पैजा घेणारे फोरमनच्या बाजूनं साधारण तीनास एक, चारास एक असा भाव सांगत होते. अलीच्या स्वतःच्या गोटातही चेहरे उतरलेलेच होते. काळजी ‘हरेल का’ याची कमी आणि ‘धड परत येईल ना’ याची जास्त होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी पहाटे चारला लढत सुरू झाली (आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ, म्हणजे डबे भरायची वेळ). अली दोरांना पाठ लावून उभा राहिला, फोरमनला मारू दिलं, दंडांवर नि कोपरांवर मार झेलला, मधूनच वेचून ठोसे दिले आणि आठव्या फेरीच्या शेवटाला त्याला पाडलं.

अली का जिंकला यावर कपाटं भरतील एवढं लिहून झालंय. मला कोडं पडतं ते दुसरंच. सगळे इतके ठाम का होते? भाकीत करणारे काही अडाणी नव्हते. उभी हयात रिंगच्या कडेला घालवलेली माणसं ती.

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे लहानपणी खासबागेच्या मैदानाच्या गप्पा जेवणाच्या पंगतीत वाढल्या जायच्या, आणि त्यातला निम्मा वेळ ‘जोड’ कशी लागली यावर जायचा. अमुक पैलवान मोठा की तमुक मोठा असं जाणती माणसं फारसं विचारत नसत. अमक्याला तमक्याशी लावला तर काय होईल, हा प्रश्न. उंच पैलवानाला बुटका, खाली घुसणारा गडी नको वाटतो. तोच बुटका दुसऱ्या कुणापुढे पहिल्या दोन मिनिटांत अस्मान बघतो. बॉक्सिंगला हाच कायदा लागू आहे आणि फोरमनचं गणित तिथंच फसलं. फ्रेझर वाकून, डोकं खाली घालून, डुलत डुलत आत यायचा. म्हणजे फोरमनच्या अपरकटला, खालून वर येणाऱ्या ठोशाला, आपणहून हनुवटी आणून द्यायचा. नॉर्टन पुढे चालून जाताना भारी, पण मागे रेटला की त्याला काही सुचायचं नाही, आणि फोरमन समोरच्याला मागेच रेटायचा. फोरमनचे ते दोन विजय खरे होते, दणदणीत होते. फक्त त्यांतून अलीबद्दल काही कळत नव्हतं. अली वाकत नव्हता, त्याचे हात लांब होते, आणि मार खाऊन उभं राहायची त्याची ताकद तोपर्यंत वादातीत झालेली होती.

आणखी एक आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. फोरमनच्या विश्वविजेतेपदाच्या तोवरच्या तीन लढती, फ्रेझर, टोकियोत जोस रोमान आणि नॉर्टन, मिळून पाच फेऱ्यांच्या आत उरकल्या होत्या. तेव्हा हे वाचून लोक म्हणाले, बापरे! मी आज हे वाचतो तेव्हा मला दिसतं, की विजेता झाल्यापासून सहाव्या फेरीतला फोरमन कुणी पाहिलेलाच नव्हता. दमलेला फोरमन, गोंधळलेला फोरमन, आपला मार वाया जातोय हे उमगलेला फोरमन कसा असतो, याची माहितीच नव्हती. कदाचित त्याला स्वतःलाही.

हेवीवेट हा प्रकार मुळातच भाकितवाल्यांच्या मुळावर उठलेला आहे. बाकीच्या गटांत वजनाला वरून झाकण असतं, दोघे साधारण एका मापाचे निघतात. इथं २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोंच्या वर गेलात की आकाश मोकळं. त्यामुळे युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक आणि ब्रिटनचा टायसन फ्युरी समोरासमोर आले तेव्हा उसिकचं वजन २२३ पौंडांच्या आसपास नि फ्युरीचं २६२. फरक सतरा किलोंच्या वर. उंचीत सहा इंचांचा फरक. शिवाय या वजनाच्या माणसाचा एकच ठोसा नीट बसला, की आधीच्या अकरा फेऱ्यांतली सगळी हुशारी केराच्या टोपलीत.

आणि पुरावा तरी किती? हेवीवेटचा मोठा खेळाडू वर्षातून एकदा, फार तर दोनदा रिंगमध्ये उतरतो. उसिक खालच्या गटातून हेवीवेटमध्ये आला २०१९ च्या ऑक्टोबरात. तिथपासून २०२४ च्या मे महिन्यात फ्युरीसमोर उभा राहीपर्यंत साडेचार वर्षांत त्याच्या हेवीवेट लढती किती झाल्या? पाच. पाच लढतींवरून माणसाचं भविष्य सांगायचं. आपल्याकडे पाच डावांवर रणजीचा संघसुद्धा निवडत नाहीत. (निवडतात म्हणा, पण मग आपण शिव्या घालतो.)

माझा एक मित्र बँकेत कर्ज मंजुरीच्या खात्यात आहे. मोठी लढत आली की तो संगणकावर एक तक्ता मांडतो. उंची, हातांचा पल्ला, वय, निकाली विजयांचं शेकडा प्रमाण, शेवटच्या लढतीला किती महिने झाले, सगळं. मग आमचा फोन होतो. मी नेहमीसारखी कुरकुर करतो, की तुझ्या तक्त्यात माणूस कुठं आहे? एकदा असंच एका तरुण, न हरलेल्या मुष्टियोद्ध्यावरून वाद चालला होता. मी म्हटलं, सगळे निकाली विजय आहेत की रे, आणखी काय हवंय? तो म्हणाला, “अरे, आमच्याकडे असा गिऱ्हाईक येतो. जन्मात कधी कर्ज घेतलेलं नाही, एक रुपया थकवलेला नाही. त्याला वाटतं आपल्यासारखा पत असलेला माणूस नाही. पण त्याचा सिबिल स्कोअरच नसतो. हप्ता तटला की हा काय करतो हे मला कळणार कुठून?”

त्या दिवसापासून भाकीत करताना मी एकच रकाना आधी बघतो. या माणसाची आजवरची सगळ्यात वाईट रात्र कोणती, आणि त्या रात्री त्यानं काय केलं?

हा रकाना घेऊन मागं गेलं की काही जुन्या लढती वेगळ्याच दिसायला लागतात. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. माईक टायसन २३ वर्षांचा, ३७ लढती, ३७ विजय, त्यातले ३३ निकाली. दीड वर्षापूर्वी त्यानं मायकेल स्पिंक्ससारख्या न हरलेल्या विजेत्याला ९१ सेकंदांत आडवा केला होता. समोर बस्टर डग्लस. त्याच्या नावावर चार पराभव. त्यातला एक तर असा, की १९८७ साली टोनी टकरविरुद्ध चांगला खेळत असताना दहाव्या फेरीत त्यानं जणू हातच टेकले. लास व्हेगासमध्ये या लढतीवर जिंकण्या-हरण्याची पैज घ्यायला बहुतेक जण तयार नव्हते. मिराज नावाच्या एका कॅसिनोनं तेवढा भाव काढला, तो शेवटी ४२ ला एक असा गेला.

माझा हा शाळेचा काळ. आमच्या वर्गात टायसन म्हणजे निव्वळ दंतकथा होती. तो रविवार होता आणि त्याच दिवशी संध्याकाळी नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येणाऱ्या पेपरचं पहिलं पान अख्खं मंडेलांचं होतं. वडील ते वाचत असताना मी मागचं खेळाचं पान उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करत होतो. टायसन हरला, ही ओळ मी छपाईची चूक समजून दोनदा वाचली.

आता मागे वळून बघताना खुणा जागोजाग दिसतात. टायसनला घडवणारे कस डमॅटो १९८५ सालीच गेले होते. त्यांच्या तालमीतून आलेल्या केविन रूनीला टायसननं १९८८ साली काढून टाकलं होतं. लढतीच्या काही दिवस आधी टोकियोतच सरावात, चारचौघांसमोर, ग्रेग पेजनं त्याला पाडलं होतं. बातमी आली होती, लोकांनी वाचली, आणि ‘सराव तो सराव’ म्हणून पान उलटलं. त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांकडे तर डोळ्याची सूज दाबायचं ते साधं थंड लोखंडही नव्हतं. डोळा मिटायला लागल्यावर त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून लावलं. जगातल्या सगळ्यात धोकादायक माणसाच्या बाजूला अशी तयारी, कारण त्या सामानाची गरज पडेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं! मला त्या लढतीतलं सगळ्यात बोलकं दृश्य हेच वाटतं, ठोशांपेक्षाही.

तर टायसनचा रकाना कोरा होता. त्या अर्थानं माझा नियम खरा ठरतो. पण डग्लसचा रकाना? तो कोरा नव्हता, तिथं लाल शेरा होता. टकरविरुद्ध वाईट क्षण आला आणि तो ढासळला होता. नियमाप्रमाणं आठव्या फेरीत टायसनच्या अपरकटनं तो पडला तेव्हा गोष्ट संपायला हवी होती. तो उठला. दोन फेऱ्यांनी त्यानं टायसनला असा पाडला, की टायसन जमिनीवर रांगत तोंडातून पडलेलं दातांचं कवच चाचपत होता. लढतीच्या साधारण तीन आठवडे आधी डग्लसची आई गेली होती. त्याला त्यातून बळ आलं असं सगळे म्हणतात, तोही म्हणतो. असेलही. पण हेच दुःख पोटात घेऊन तो दुसऱ्या फेरीत पडून राहिला असता, तर आपण आज म्हणालो असतो, आई गेल्यानं बिचारा खचला होता. कारणं निकालानंतर फार शहाणी होतात.

नियमाला याहून मोठा तडा पाडला तो अँथनी जोशुआनं. २०१७ च्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर व्लादिमिर क्लिच्कोनं सहाव्या फेरीत त्याला पाडलं होतं. तो उठला, कसाबसा तगला आणि अकराव्या फेरीत त्यानं क्लिच्कोला संपवलं. रकान्यात यापेक्षा चांगली नोंद काय हवी? दोन वर्षांनी, १ जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्यापुढे ऐनवेळी बदली म्हणून अँडी रुईझ आला. पोट सुटलेला, गोबरा, कुणी गांभीर्यानं घ्यावा असा दिसेना. तिसऱ्या फेरीत जोशुआनं त्याला पाडलंसुद्धा. रुईझ उठला आणि त्याच फेरीत त्यानं जोशुआला दोनदा खाली बसवलं. सातव्यात रेफरीनं खेळ थांबवला. एकदा पास झालेला माणूस पुन्हा त्याच पेपरात नापास होऊ शकतो, हे सिबिलवाल्या मित्राला मी आवर्जून कळवलं. तो म्हणाला, “म्हणून तर आम्ही दरवर्षी नूतनीकरण करतो.”

भाकितांमध्ये एक वेगळी जात खुद्द लढणाऱ्याच्या भाकितांची. अली, त्याचं नाव अजून कॅशियस क्ले असताना, कितव्या फेरीत समोरचा पडेल ते यमकात जाहीर करायचा. आर्ची मूर चौथ्यात पडेल म्हणाला, चौथ्यात पडला. हेन्री कूपर पाचव्यात म्हणाला, पाचव्यात झालं (मात्र त्याआधी चौथ्या फेरीच्या शेवटी कूपरनं त्यालाच जमिनीवर बसवलं होतं, ते यमकात नव्हतं). डग जोन्सच्या बाबतीत सगळं फसलं, लढत पुरत्या दहा फेऱ्या चालली. पण ती भाकितं खरी ठरावीत म्हणून नव्हतीच मुळी. तिकिटं खपायची, आणि समोरचा चिडायचा किंवा बुचकळ्यात पडायचा. १९६४ च्या फेब्रुवारीत मायामी बीचला सनी लिस्टनसमोर जाण्याआधी वजन करताना क्लेनं इतका धिंगाणा घातला, की डॉक्टरांना त्याची नाडी १२० लागली आणि हा पोरगा भ्यालाय असा त्यांनी निष्कर्ष काढला. ४६ क्रीडापत्रकारांपैकी ४३ जणांनी लिस्टनचं नाव दिलं होतं. लिस्टन सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही. क्लेनं स्वतः आठवी सांगितली होती, म्हणजे तोही चुकलाच. त्याच्या चुकीची मात्र कुणी आठवण ठेवली नाही.

आता उसिक आणि फ्युरी. माझ्या आयुष्यात एखाद्या लढतीवर इतका विचार मी केला नसेल. १९९९ साली लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटच्या विजेतेपदाचे सगळे पट्टे एका माणसाकडे गेले नव्हते. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ते जाणार होते. फेब्रुवारीत ठरलेली लढत फ्युरीच्या भुवईला सरावात जखम झाल्यानं पुढे गेली होती. जाणकार मधोमध फाटलेले. पैजांचे भाव जवळजवळ सारखे. किन्शासासारखं ठाम कुणीच नव्हतं, आणि त्यामुळं मला ही लढत जास्त प्रामाणिक वाटत होती.

रकाना काढला तर दोघांचाही भरलेला. फ्युरीकडे तर वाईट रात्रींची कमतरता नाही. २०१५ साली क्लिच्कोला हरवल्यावर दारू, कोकेन, नैराश्य, शंभर किलोंच्या कितीतरी पलीकडं गेलेलं वजन, अडीच वर्षं रिंगपासून दूर. परत आला आणि २०१८ च्या डिसेंबरात डिऑन्टे वाइल्डरनं बाराव्या फेरीत त्याला असा झोपवला, की मी म्हणालो असतो संपलं. रेफरी नवापर्यंत मोजतोय तोवर हा गडी उभा, आणि उरलेल्या फेरीत पुढे चालून जातोय. दुसरीकडे २०२३ च्या ऑक्टोबरात, व्यावसायिक बॉक्सिंगची पहिलीच लढत खेळणाऱ्या फ्रान्सिस एन्गानूनं त्याला तिसऱ्या फेरीत पाडलं आणि फ्युरी जेमतेम निसटला. याचं काय करायचं? नवी वाईट रात्र, की एका आळशी माणसाची सुट्टीची रात्र?

उसिकची नोंद शांत आहे, पण आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जेद्दाहला जोशुआशी दुसरी लढत. त्याच वर्षी युद्ध सुरू झाल्यावर उसिक काही काळ बंदूक घेऊन आपल्या देशात पहाऱ्यावर होता. नवव्या फेरीत जोशुआनं त्याच्या बरगड्यांखाली इतके जड ठोसे घातले, की पहिल्यांदाच उसिकचे पाय जड पडले. मग दहावी फेरी सुरू झाली आणि उसिकनं ती कारकिर्दीतल्या सगळ्यात तिखट फेऱ्यांपैकी एक खेळली. पडून उठणं सगळ्यांना दिसतं. न पडता, एका मिनिटाच्या विश्रांतीत स्वतःला परत जुळवणं सहज दिसत नाही, त्यामुळं त्याचे गुण कमी पडतात. मी मित्राला नाव सांगितलं ते उसिकचं. कारण रकान्यात नव्हतं, तिथं दोघे बरोबरीत होते. कारण जोड होती. डावखुरा, सतत पाय हलवणारा, फेरीगणिक वेग वाढवणारा माणूस, आणि समोर पस्तिशीचा, ११८ किलोंच्या वर वजन वागवणारा राक्षस.

पहाटे साडेतीन-चारचा सुमार. घरातले झोपलेले, आवाज बंद करून मी बघतोय. चौथ्यापासून सातव्यापर्यंत फ्युरी इतका सुंदर खेळत होता, की मित्राचा संदेश आला, ‘तुझा माणूस गेला.’ पोटात अपरकट बसत होते आणि उसिकची पाठ थोडी थोडी वाकत होती. आठव्यात वारं फिरलं. नवव्यात उसिकच्या डाव्या हातानं फ्युरीला हलवलं आणि मग तो महाकाय देह एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात भेलकांडत गेला, दोरांवर आदळला, परत आला, परत आदळला. तो पडला नाही, दोरांनी त्याला पडू दिलं नाही. रेफरी मार्क नेल्सन मधे गेला आणि त्यानं मोजायला सुरुवात केली. दोरांनी धरून ठेवलं म्हणजे पडल्यातच जमा, असा नियम आहे.

निकाल आला तो जजांच्या फुटलेल्या मतांनी. ११५-११२ उसिक, ११४-११३ फ्युरी, ११४-११३ उसिक. मी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. मोजणी झालेली फेरी सहसा १०-८ अशी लिहितात, साधी जिंकलेली फेरी १०-९. नेल्सननं ती मोजणी केली नसती आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर फ्युरीला तिन्ही कागदांवर एकेक गुण वाढून मिळाला असता. मग एक कागद ११५-११३ उसिकचा, एक ११५-११३ फ्युरीचा आणि एक ११४-११४. म्हणजे बरोबरी! पट्टे जिथले तिथं. उसिक म्हणणारे चुकले असते, फ्युरी म्हणणारे चुकले असते, आणि आमच्यासारखे हजारो भविष्यवेत्ते एका रेफरीच्या वर गेलेल्या हातावर तरले किंवा बुडाले. मला लोकांनी ‘बरोबर ओळखलंस’ म्हणून शाबासकी दिली. ती मी घेतली, कोण सोडतं? पण तो गुणांचा कागद मी जपून ठेवलाय.

डिसेंबरात दोघे परत भेटले. तेव्हा तिन्ही जजांनी ११६-११२ असा एकसारखा कौल उसिकला दिला, वाद उरला नाही. त्या वेळी भाकीत सोपं होतं आणि म्हणून मला त्यात फारसा रस नव्हता.

फोरमनकडे परत जायला हवं, कारण किन्शासात त्याचा कोरा रकाना भरला गेला आणि पुढे काय झालं हे भाकितवाल्यांनी नीट बघितलेलं नाही. १९७७ साली जिमी यंगकडून हरल्यावर त्यानं खेळ सोडला, धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी परत आला, जाडा, टक्कल केलेला, हसरा. लोकांनी टवाळी केली. १९९१ साली, बेचाळिशीत, होलिफिल्डसमोर बारा फेऱ्या उभा राहून गुणांवर हरला. १९९३ साली टॉमी मॉरिसनकडूनही हरला. आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला लास व्हेगासमध्ये, ४५ व्या वर्षी, तो मायकेल मूररसमोर उभा राहिला. कंबरेला किन्शासात घातलेली तीच जुनी चड्डी.

मूरर २६ वर्षांचा, ३५ लढतींत एकही हार नाही, आणि त्याचा रकानाही कोरा नव्हता. त्याच वर्षी होलिफिल्डनं त्याला दुसऱ्या फेरीत पाडल्यावर उठून त्यानं ती लढत जिंकली होती. माझ्या नियमाला मूररविरुद्ध बोलायला जागाच नव्हती. नऊ फेऱ्या मूरर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारत राहिला. तिन्ही जजांच्या कागदांवर तो पुढे होता. त्याचा प्रशिक्षक टेडी ॲटलस बजावत होता, त्याच्यासमोर उभा राहू नकोस, फिरत राहा. आणि फोरमन? मार खात होता, पुढे येत होता, घाई नाही, चिडचिड नाही. वीस वर्षांपूर्वी अलीला संपवायच्या नादात तो पाचव्या फेरीपर्यंत स्वतःच संपत आला होता. या फोरमनला आपला मार वाया जाण्याचं काही वाटतच नव्हतं. दहाव्या फेरीत एक-दोन, उजवा हात थेट हनुवटीवर. मूरर पाठीवर, रेफरी दहा मोजतोय.

फोरमननं ती लढत किन्शासात कमावलेल्या भांडवलावर जिंकली, असं माझं मत आहे. त्याचा तक्ता मांडला असता तर पराभवांच्या रकान्यात तो वजा दाखवला गेला असता. २०२५ च्या मार्चमध्ये फोरमन गेला तेव्हा बहुतेक मृत्युलेखांची सुरुवात अलीपासून झाली होती. माझी मूररपासून झाली असती.

परवा मित्राचा पुन्हा फोन. त्याचा सध्याचा लाडका मोझेस इटाउमा. विशीतला ब्रिटिश पोरगा, डावखुरा, हात दिसायच्या आत लागणारे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रियाधला त्यानं डिलियन व्हाइटसारख्या मुरलेल्या माणसाला पहिली फेरीही पुरी करू दिली नाही. तोवर १३ लढती, १३ विजय, ११ निकाली. मित्रानं सगळे रकाने भरलेत. एक सोडून.

“पुढच्या लढतीचं सांग,” तो म्हणाला. “समोर कुणी का असेना.”

“इटाउमा,” मी म्हटलं. “चौथ्या फेरीच्या आत.”

“आणि पाचवी सुरू झाली तर?”

“तर मला फोन करू नकोस, बघू दे.”